वडिलांच्या आठवणी लिहितेय: डोंगरातले बाबा आणि घरातले बाबा एका पुस्तिकेत कसे आणू?

उतरण:

बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ७४ वर्षांचे होते. ३५ वर्षं डोंगर चढले आणि गेले ते घरात, स्वतःच्या पलंगावर, आई शेजारी बसलेली असताना. लहानपणापासून ज्या फोनची मी धास्ती बाळगली तो कधी आलाच नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी हीच आहे.

घरच्यांनी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. शंभरेक प्रती, नातेवाईक, त्यांचे विद्यार्थी आणि दोरावरचे सोबती यांच्यासाठी. लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहित्य चिक्कार आहे: पेन्सिलीने लिहिलेल्या १९ वह्या, स्लाइडचे सहा डबे, ११ कॅसेट आणि ते गेल्यावर लोकांनी पाठवलेली चाळीसेक पत्रं. अडचण वेगळीच आहे.

पत्रांमध्ये एक माणूस भेटतो. निर्भय, मृत्यूला न जुमानणारा, शिखरावर हात उंचावून उभा असलेला. पत्रं मनापासून लिहिलेली आहेत, वाचताना मी रडलेही. पण तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही. माझे बाबा घाबरायचे. आणि घाबरलो की वहीत वेळेसकट लिहून ठेवायचे. "पहाटे ३:४०. भीती वाटतेय. कारण शोध." मग खाली कारण: "पायाखालचा बर्फ धप्प आवाज करून बसतोय. आतला थर कमकुवत आहे. हा उतार नको." शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे ते. भीतीचीही मोजणी करता येते असं त्यांना खरोखर वाटायचं. एका पत्रात मला लिहिलं होतं, "मी आहे तिथे, साडेपाच हजार मीटरवर, हवेचा दाब आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या निम्मा आहे. म्हणून माझा विचारही निम्माच धरायचा. मोठे निर्णय मी खालीच घेऊन आलोय."

ते निर्णय म्हणजे काय, हे वह्या वाचताना कळलं. चढाईच्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ कायम तीच: "परतायची वेळ: १:००." कधी साडेबारा, कधी दीड. खाली दोन रेघा. ती वेळ झाली की माथा डोळ्यांसमोर असला तरी मागे वळायचं. मी सगळ्या वह्या लावून मोजलं. ३१ शिखरांवर प्रयत्न, १७ माथे गाठले, १४ वेळा परत. चाळीस पत्रांत त्या १४ वेळांबद्दल एक ओळ नाही.

आमच्या घरातही हाच शब्द चालायचा. मी पंधरा-सोळा वर्षांची झाले, मैत्रिणींबरोबर बाहेर जायला लागले, तेव्हा आई विचारायची कुठे चाललीस, बरोबर कोण आहे. बाबा एवढंच विचारायचे, "परतायची वेळ?" मी सांगेन ती त्यांना मान्य असायची. एकदा दोन तास उशीर झाला. ते दारात उभे. आता बोलणी बसणार म्हणून माझ्या डोळ्यांत आधीच पाणी. ते म्हणाले, "काय बदललं?" बस, एवढंच. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुन्हा तसं झालं तर काय करता येईल यावर आम्ही दोघं पायरीवर बसून बराच वेळ बोललो. आता माझी मुलगी त्याच वयाची आहे. तो प्रश्न तितक्या शांतपणे विचारायला मला अजून जमलेलं नाही.

आणखी एक सवय. दोराची गाठ मारली की दोन हिसके देऊन बघायचे, मग जोडीदाराची गाठ तपासायचे, मग त्याला स्वतःची तपासायला लावायचे. समोरचा कितीही मुरलेला असो. हे हातात इतकं बसलं होतं की आमच्या दप्तराच्या पट्ट्यांना दोन हिसके, सायकलच्या कॅरिअरला दोन हिसके, नातीला गाडीत बसवलं की तिच्या पट्ट्याला दोन हिसके. शेवटच्या पंधरा दिवसांत बोलणं जवळजवळ थांबलं होतं. आई पांघरूण घालायची आणि त्यांचा हात सरकत काठापाशी जायचा, दोनदा ओढायचा.

हे बाबा मला लिहायचे आहेत. पण लिहायला बसले की दोन ठिकाणी हात थांबतो.

एक म्हणजे माझा भाऊ. १९८७ मध्ये तो सहा वर्षांचा होता, तेव्हा पाय मोडून त्याची शस्त्रक्रिया झाली. बाबा मोहिमेवर. निरोप त्यांच्यापर्यंत पोचायलाच पंधरा दिवस लागले, घरी आले ते एकोणिसाव्या दिवशी. भावाचं बाबांवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही, शेवटची दोन वर्षं रात्रीची सगळी उठबस त्यानेच केली. पण पुस्तिकेत लिहिणार नाही म्हणतो. "परतायची वेळ, परतायची वेळ काय लावलंयस? ती वेळ आपण इकडे भिंतीवरच्या घड्याळात बघायचो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

दुसरी गोष्ट १९९१ ची. बर्फातल्या भेगेवरचा बर्फाचाच पूल खचून त्यांचा एक सोबती गेला. तो दुसऱ्या दोरावर होता, बाबा मोहिमेचे नेते होते. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी बूट काढले नाहीत कपाटातून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र त्या सोबत्याच्या घरी जायचे आणि त्याच्या मुलीला गणित शिकवायचे. ती इंजिनिअर झाली तोपर्यंत. बाहेर कधी कोणाला सांगितलं नाही. आई म्हणते, त्यांनी झाकून ठेवलेलं आपण उघडायचं नाही.

तर विचारायचं आहे ते असं. ज्यांनी असं काही लिहिलं आहे त्यांनी राग, अपघात, अपराधीपणा यांचं काय केलं? वर्षांच्या क्रमाने लिहायला गेलं तर नुसती मोहिमांची यादी होते, मग मांडणी कशी करायची? स्लाइड आणि कॅसेट हाताळायला भीती वाटतेय, त्याबद्दल कोणाला माहिती असेल तर तीही हवी आहे. आणि भाच्याने, वय १६, आजोबांचा जुना दोर मागितलाय. त्याला त्यावर चढायला शिकायचंय. द्यावा का?

फिल्मरोल:

उतरणताई, तुमच्या बाबांना नमस्कार. मी वडिलांच्या हजारभर स्लाइड आणि आजीच्या कॅसेट जपून संगणकावर उतरवल्या आहेत, त्यात केलेल्या चुकांसकट सांगतो. मांडणीबद्दल इतर जण माझ्याहून चांगलं सांगतील.

कॅसेट आधी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या आजच मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. मग कॅसेट उघडझाप न करता नीट बघा: फीत जिथे दिसते तिथे मध्यभागी स्पंजचा किंवा फेल्टचा छोटा तुकडा असतो, जुन्या कॅसेटमध्ये तो गळून पडलेला असतो. तसं असेल तर फीत दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवून घ्यावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. सगळं ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, चिकटलेली फीत मोकळी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आधी ऐकून बघू, मग उतरवू" असं करू नका. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच उतरवून घ्या. आजीची एक कॅसेट मी हौसेने तीनदा ऐकली, चौथ्यांदा उतरवायला लावली तेव्हा फीत यंत्रात गुंडाळली गेली. त्यातली अंगाई आता माझ्या आठवणीत आहे, बाकी कुठे नाही. वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करा, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट. एमपी३ नंतर वाटायला.

स्लाइडच्या चौकटीवर फिल्मचं नाव छापलेलं असतं. कोडाक्रोम असेल तर नशीबवान आहात. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग दशकानुदशकं टिकतात. पण प्रोजेक्टरच्या उजेडाला ती नाजूक असते, म्हणून सगळ्यांना जमवून भिंतीवर दाखवण्याचा मोह आवरा. इतर फिल्मच्या स्लाइड लालसर झाल्या असतील, त्या स्कॅननंतर बऱ्याच सुधारता येतात. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची जी सोय असते ती कोडाक्रोमवर बंद ठेवा. ती अवरक्त किरणांवर चालते आणि कोडाक्रोमच्या थरात गोंधळते, कडा खरवडल्यासारख्या दिसतात. धूळ हवेच्या फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका. चार हजार पीपीआयला (इंचाला चार हजार ठिपके) एकदाच स्कॅन करा, टिफ फाइल ठेवा.

पेन्सिलीची तुम्ही काळजी केली नाहीत ते बरोबरच. ग्रॅफाइट फिकं होत नाही. घासलं मात्र जातं. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. पुसट पानांचा फोटो घेताना दिवा एका बाजूने, तिरका, पानाला जवळजवळ समांतर धरा. कागदावर उमटलेला पेन्सिलीचा दाब सावलीत दिसतो. आमच्याकडे एक पूर्ण पुसलेलं पान असं वाचता आलं.

सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरात. भावाच्या घरात ठेवा, असं सुचवतो.

पानगळ:

त्या सोबत्याची मुलगी आता मोठी असेल. छापायचं की नाही हे आईला किंवा आम्हाला विचारण्याआधी तिला विचारा. तिचे वडील गेले, गोष्ट तिची आहे.

दुसरा दोर:

मी चढतो. बावीस वर्षं झाली. आधी भाच्याचं: दोर देऊ नका, म्हणजे चढायला देऊ नका.

गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा असतो आणि तो लांबण्यासाठीच बनवलेला असतो. माणूस पडला की दोर ताणला जातो आणि झटका गिळतो, म्हणून पाठीचा कणा शाबूत राहतो. नव्या दोराची चाचणी घेतात तेव्हा पहिल्या पडण्यात तो ४० टक्क्यांपर्यंत लांबला तरी चालतो. जुन्या दोरात ती लवचिकता उरत नाही, आणि ऊन, ओल, बॅटरीतल्या ॲसिडची नुसती वाफ यांनी झालेलं नुकसान वरून दिसतही नाही. न वापरता पेटीत ठेवलेला दोरसुद्धा साधारण दहा वर्षांनी बाद करावा असं बनवणारेच सांगतात. तुमच्या बाबांनी त्याला तो दोर दिलाच नसता. एक मीटर कापून द्या, त्यावर त्याला आठच्या आकड्याची गाठ, बोलाइन आणि प्रुसिक अशा चढाईतल्या गाठी घालायला शिकू दे. दोन हिसके देऊन. आणि चढायला नवा दोर आणि नीट शिकवणारा माणूस, दोन्ही शोधून द्या.

आता जे लिहायला आलो ते. तुमच्या आकड्यांवर मी अडकलोय. ३१ मधून १४ परत. ताई, हा आकडा पुस्तिकेच्या मध्यभागी हवा. जे चढत नाहीत त्यांना वाटतं परत फिरणं म्हणजे हार, आणि चढणाऱ्यांनाही बोलताना लाज वाटते, म्हणून पत्रांत ते आलं नसेल. माथा दिसत असताना वळणं ही या छंदातली सगळ्यात अवघड हालचाल आहे. शरीर दमलेलं असतं, डोक्याला प्राणवायू कमी मिळतो, इतक्या महिन्यांचा खर्च आणि घरच्यांचा त्याग आठवतो, आणि नेमकं तेच सगळं माणसाला वर ढकलतं. १० आणि ११ मे १९९६ ला एव्हरेस्टवर वादळात आठ जण गेले. परतायची वेळ टळून गेल्यावरही चढत राहणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. त्याच महिन्यात, त्या वादळाच्या आधी, स्वीडनहून सायकलने आलेला योरान क्रॉप माथ्याच्या अगदी जवळून उशीर झाला म्हणून मागे वळला होता. तीन आठवड्यांनी पुन्हा गेला आणि माथ्यावर पोचला.

तेन्सिंग नोर्गे यांचंही बघा. १९५२ मध्ये रेमंड लांबेर या स्विस सोबत्याबरोबर ते साडेआठ हजार मीटरच्या वर पोचून परत फिरले. पुढच्या वर्षी २९ मे १९५३ ला हिलरींबरोबर माथ्यावर उभे राहिले तेव्हा गळ्यात लांबेर यांनी दिलेला लाल स्कार्फ होता. परतलेला प्रवास त्यांनी वर नेला. आणि बर्फात त्यांनी जे पुरलं त्यात धाकट्या लेकीने, नीमाने, दिलेली लाल-निळ्या पेन्सिलीची कांडी होती. मला ती कांडी त्या झेंड्यांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

मांडणी? १४ परतण्यांनी करा. प्रत्येक परतणं एक प्रकरण: कुठून वळले, का वळले, आणि त्या वेळी घरी काय चाललं होतं. १७ माथ्यांची यादी शेवटच्या पानावर पुरे.

सोबत्याच्या अपघाताबद्दल पानगळ यांच्याशी सहमत. फक्त एवढं सांगतो, नेता म्हणून सोबती गमावलेला माणूस मी जवळून पाहिलाय. त्याला कोणी "तुझी चूक नव्हती" म्हटलं की तो खोलीतून उठून जायचा. तुमच्या बाबांनी गणित शिकवलं. त्यावर लिहिताना समजूत घालू नका.

वाट पाहणारी:

माझे पती जहाजावर होते, सहा-सहा महिने. डोंगर नाही, पण वाट तीच.

तुमचा प्रश्न वाचला, उत्तरं वाचली. पुष्कळ चांगली आहेत. पण बाई, सगळ्यांत तुमच्या आईचं नाव कुठे आहे? "आई पांघरूण घालायची", "आई विचारायची", "आई म्हणते उघडायचं नाही". ३५ वर्षं हा माणूस डोंगरात जाऊ शकला, कारण कोणीतरी दोन मुलांना आणि एका घराला धरून बसलं होतं. गाठ मारली की जोडीदाराची तपासायची असं तुम्हीच लिहिलंय. घरचा जोडीदार कोण होता?

आईला "बाबांबद्दल सांग" असं म्हणू नका, ती पत्रांसारखंच बोलेल. बायका नवऱ्याबद्दल विचारलं की त्याची बाजू सांगतात, आम्हाला सवयच ती. एखादा फोटो किंवा वस्तू हातात द्या आणि विचारा, हे आलं त्या दिवशी तू काय करत होतीस. एका वेळी अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको. ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, घाईने पुढचा प्रश्न टाकू नका. माझ्या मुलाने माझं बोलणं असं टिपून घेतलं, तेव्हा मी त्याला सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट त्याच्या प्रश्नानंतर नव्हे, अशाच एका शांततेनंतर आली होती.

आणि तुमच्या भावाचा राग. तो खोटा नाही. तुम्ही तो मिटवायला जाऊ नका, बाबांच्या वतीने माफी मागायला तर मुळीच जाऊ नका. सहा वर्षांच्या मुलाला १९ दिवस म्हणजे किती, ते मोठ्यांच्या कॅलेंडरमध्ये मावत नाही.

उतरण:

पाच आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. बरंच काही झालं. तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे, एकेकाचं सांगते.

दोराचा मीटरभर तुकडा भाच्याला दिला. कारणही सांगितलं, तो आधी हिरमुसला. आता त्याच्या टेबलाच्या पायाला सतत कुठली ना कुठली गाठ असते.

सोबत्याच्या मुलीशी बोलले. पहिल्यांदाच आम्ही दोघी एवढा वेळ बोललो, मला वाटत होतं ती फोन ठेवून देईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छाप. पण ते आधार द्यायला यायचे असं लिहू नकोस. ते गणित शिकवायला यायचे. आधार द्यायला आले असते तर माझ्या आईने दार उघडलं नसतं." मग म्हणाली की पहिल्या वर्षी ते फक्त फळ्यापाशी उभं राहून बोलायचे, कधीच बसले नाहीत. एका रविवारी तिच्या आईने न बोलता खुर्ची सरकवून दिली. त्या दिवशी कोणता धडा होता तेही तिला आठवतं: वर्गसमीकरणं. मी हे तिच्याच शब्दांत घेतलंय, तिचं नाव न घालता. माझ्या आईला वाचून दाखवलं. तिने "झाकून ठेवलेलं" हा शब्द पुन्हा काढला नाही.

आईबद्दल. वाट पाहणाऱ्या ताई, तुमचा आईबद्दलचा प्रश्न वाचून मला आधी राग आला होता, मग रात्रभर झोप लागली नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी तिच्या हातात १९८९ ची स्लाइड आणि भिंग दिलं, आणि विचारलं हे चाललं होतं तेव्हा तू काय करत होतीस. तिने सांगितलं की दोघांचा एक करार होता. यायची तारीख ठरवून द्यायची, आणि त्यानंतर पाच दिवस होईपर्यंत काळजी करायची नाही. सहाव्या दिवशी हवी तेवढी करायची. हे आम्हा भावंडांना कधी माहीत नव्हतं. १९८९ ला ते चौथ्या दिवशी आले. मी विचारलं, ते चार दिवस काय केलंस? बराच वेळ ती भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "घरातली कपाटं आवरली. सगळी. त्यांचं सोडून." त्यांचं का नाही, ते मी विचारलं नाही.

आईची आता सात पानं झाली आहेत आणि ती पुस्तिकेच्या सुरुवातीला येतील.

मांडणी १४ परतण्यांचीच ठेवलीय. दुसरा दोर, तुमच्यामुळे एक गोष्ट सापडली. प्रत्येक परतण्याच्या तारखेला घरी काय होतं हे शोधताना कळलं की चौदांपैकी एक १९८७ चं आहे. म्हणजे भावाच्या पायाचा निरोप मिळाला ते. वहीत त्या दिवशीची परतायची वेळ लिहिलेली नाही. फक्त "परत", आणि पुढे एक शब्द.

फिल्मरोल यांनी सांगितल्याप्रमाणे कॅसेटच्या चकत्या मोडल्या, अकरापैकी दहा नीट निघाल्या. सातव्या कॅसेटवर १९८७ लिहिलेलं होतं. पहिल्या बाजूला बेस कॅम्पवरच्या गप्पा, गाणी. दुसऱ्या बाजूला मला वाटलं काहीच नाही, नुसती खरखर. मग लक्षात आलं की ते चालताहेत. रेकॉर्डर पाठीवरच्या पिशवीत चालूच राहिला असणार. दगडांवरून उतरणारे बूट, श्वास, मधेच पाण्याचा आवाज, पुन्हा बूट. साधारण वीस मिनिटं. एकदाही थांबलेले नाहीत. ते कधी थांबत नाहीत हे ऐकणाऱ्याला हळूहळू जाणवतं, कारण बाकीच्या कॅसेटमध्ये दर थोड्या वेळाने थांबून ते कोणत्या तरी दगडाबद्दल किंवा ढगाबद्दल बोलतात.

ती फाइल मी भावाला पाठवली. काही लिहिलं नाही, फक्त वर्ष. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून हे आलं, त्याच्या परवानगीने जसंच्या तसं देतेय:

"बूट न काढता आत आले होते. आईने कधी कोणाला बूट घालून आत येऊ दिलं नाही, म्हणून लक्षात आहे. पलंगावर बसले नाहीत, खाली जमिनीवर बसले. माझ्या प्लास्टरला वरून दोरीने टांगलं होतं. त्या दोरीला त्यांनी दोन हिसके दिले. मला दुखलं आणि मी ओरडलो, तेव्हा त्यांनी हात कानशिलाला मारून घेतला. मला राग होता. आहे. तोही छाप."

छापतेय. त्याच्या पानावर दुसरं काहीही नसेल.

आता एक मदत हवी आहे. १९८७ च्या त्या पानावर "परत" च्या पुढचा जो शब्द आहे तो पार पुसट झालाय. तिरका दिवा लावून फोटो काढला, आईला, भावाला, त्यांच्या दोन सोबत्यांना दाखवला, पण कोणालाच लागला नाही. पहिलं अक्षर "ध" किंवा "घ" वाटतंय. उद्या उजेडात आणखी एक फोटो काढून इथे टाकते. जुनी हस्तलिखितं वाचायची सवय असलेलं कोणी असेल तर कृपया बघा.